चतुर वल्द चतुर

भंडारा जिल्ह्याच्या सरकारी दप्तरात चतुर वल्द चतुर, म्हणजे चतुराचा मुलगा चतुर, नावाचा एक इसम होता. जात माहीत नाही, धंदा माहीत नाही, राहणार सावरटोला, डोंगराजवळचा झरा. या इसमाला मी चांगला ओळखत होतो. त्याला चार पंख होते.

हसू नका. सगळे हसले म्हणूनच सगळं बिघडलं. साहेब हसले, पटवारी हसला, गाव हसलं आणि देवकाबाई एकटी घसा फोडून भांडत राहिली. तिची हकीकत कोणी सरळ सांगत नाही. आमच्याकडे अजून तिचं नाव निघालं की लोक आधी दात काढतात. म्हणून मीच लिहितो आहे, आणि रागानं लिहितो आहे.

सावरटोला हे चिचगडकडच्या डोंगराला चिकटलेलं गाव. गाव कसलं, टोला, चार घरांची वाडी. खाली धानाच्या बांध्या, वर सागाचं नि बांबूचं रान. मी तिथलाच, पण पोटासाठी गोंदियात बिडी कामगारांत राहायचो. सणावाराला आणि भांडणतंट्याला तेवढा टोल्यात यायचो. या डोंगराच्या पोटातून एक झरा निघायचा. त्याचं पाणी एका डबऱ्यात साठायचं आणि तिथून नालीनं खालच्या बांध्यांत उतरायचं. उन्हाळ्यात बोडी, म्हणजे गावतळं, आटायची, विहिरीत गाळ दिसायचा, पण डबऱ्यात कंबरभर पाणी असायचं आणि तेही थंडगार. तिथं तो राहायचा.

चतुर तुम्ही पाहिलाच असेल. पावसाळ्यात धानावर भिरभिरतो, पोरं त्याच्या शेपटीला दोरा बांधतात. डबऱ्यावरचा चतुर त्यातला नव्हता. हा काळा, अंगावर हळदीची बोटं ओढल्यासारखे पट्टे, डोळे हिरवे आणि शेपटीचं टोक गदेसारखं जाड. हा झुंडीनं उडत नसे. पाण्यातल्या एका गोट्यावर एकटा बसायचा, उडायचा, एक फेरी मारून पुन्हा त्याच गोट्यावर. दुसरा कोणी त्या गोट्याजवळ आला की त्याच्यावर धावून जायचा. या बाबतीत देवकाबाई आणि तो सारखेच.

देवकाबाईचं सासर केशोरीचं. घर चांगलं होतं, खाऊनपिऊन सुखी. एका पावसाळ्यात हिवताप असा आला की तिचा नवरा आणि दोन पोरं पाठोपाठ गेली. उरली नंदा, अंगावर पिणारी, तीही तापानं फणफणलेली. तिला पोटाशी धरून देवकाबाई सावरटोल्याला भावाकडे, उदारामकडे, आली. उदारामचं घर टोल्यात सगळ्यात वरचं, डबऱ्याला लागून. तिथं नंदाचा ताप उतरला. पोरगी जगली.

काऊन जगली? दुसरं कोणी असतं तर देवाला नारळ फोडून मोकळं झालं असतं. देवकाबाईनं कारण शोधलं. पोरीला मांडीवर घेऊन ती डबऱ्याकडे पाहत बसायची. तिला दिसलं की हा काळा-पिवळा चतुर उडता उडता मच्छर धरतो आणि खातो. त्याची पिल्लं पाण्याखाली वाळूत तोंड बाहेर काढून बसतात आणि मच्छरांच्या अळ्या गट्ट करतात. झालं. तिच्या लेखी नंदाला चतुरानं वाचवलं. खरं की खोटं, मला माहीत नाही. टोल्यात ताप येतच नव्हता असं नाही. माझा काका तापानंच गेला. हे मी तिला एकदा बोलून दाखवलं.

"तुझा काका कुठी निजे?" तिनं विचारलं.

"खाली, आपल्या घरी."

"मंग? चतुराले का तुझ्या काकाच्या रखवालीले ठेवलं होतं? वर येऊन निजाचं होतं त्यानं!"

तिच्याशी कोण वाद घालणार? बाई अंगानं काटक, आवाज मात्र दोन बांध्या पलीकडे जाणारा. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत टोल्यातल्या सगळ्या बाया तिच्या हाताखाली चिखलात उतरायच्या, कारण तिच्या समोर मालकाची हूं का चूं चालत नसे. मालक म्हणजे लक्ष्मीचंद पटेल. पोवार. आपले बापजादे माळव्यातून आले हे दर चार वाक्यांनंतर सांगणारा, आमच्या भागातला मोठा धानवाला. देवकाबाई त्याचीच एक बांधी ठेक्यानं करायची आणि त्यालाच तोंडावर बोलायची. टोल्यातलं एखादं पोर डबऱ्यावरच्या चतुराला दोरा बांधताना सापडलं तर त्याच्या पाठीत धपाटा बसायचा आणि त्याच्या आईच्या वाट्याला चार शब्द.

स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी नागपूरच्या कॉलेजातले एक सर जाळी घेऊन आले. डोंगरभर फिरले, डबऱ्यावर येऊन थबकले. नवेगावकडे पाहिलं, नागऱ्याच्या तळ्यावर पाहिलं, हा कुठं दिसला नाही, म्हणाले. "हा तुमच्या या डोंगराचाच दिसतो, बाई. इथून हलत नसावा." तीन चतुर कागदाच्या पुड्यांत घालून घेऊन गेले. पुन्हा येतो म्हणाले आणि आले नाहीत. पण त्यांचं ते वाक्य देवकाबाईच्या डोक्यात बसलं. ती चतुराबद्दल अशी बोलू लागली जशी एखादी बाई आपल्या माहेरच्या माणसाबद्दल बोलते.

मग मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली. आम्ही सभा घेतल्या, गुलाल उधळला. डोंगर, रान, बोडी, झरा, सगळं सरकारचं झालं. सरकार म्हणजे आपणच, असं मी पारावर उभा राहून घसा खरवडून सांगितलं. आणि वर्षभरातच ठरलं की चिचगडच्या सडकेला गिट्टी हवी, चांगला काळा दगड सावरटोल्याच्या झऱ्याच्या डोक्यावर आहे, तिथं खाण काढायची. दगड फोडला की झरा बुजणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. लक्ष्मीचंद पटेलानं गिट्टी वाहायला आपल्या बैलबंड्या आधीच बोलून ठेवल्या.

नायब तहसीलदार साहेब दौऱ्यावर आले. तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो, साहेब जबलपूरकडचे, बोलणं सगळं हिंदी. मारुतीच्या पारावर खुर्ची टाकली, बाजूला भोजराज पटवारी बस्ता सोडून बसला. मी त्या दिवशी गोंदियात होतो, पण पुढचा संवाद मी इतक्या तोंडांनी ऐकला आहे की पाठ झाला आहे.

साहेबांनी विचारलं, झऱ्याच्या जागेवर कोणाचा कब्जा आहे का. पटवारी नाही म्हणाला. मागं बायांत बसलेली देवकाबाई ताडकन उठली.

"कब्जा कसा नाही? चतुर राह्यते न तिथं!"

"कौन रहता है?"

"चतुर!"

"कब से?"

"आमच्या आज्या-पंज्याच्या आधीपासून."

"बाप का नाम?"

देवकाबाईला वाटलं साहेब आपली टिंगल करतात. ती भडकली. "त्याचा बाप भी चतुरच! आजा भी चतुर! बाप कायले पाह्यजे तुमाले?"

"खेती करता है?"

"खेती कायची करते तो? मच्छर मारते!"

साहेबांना मच्छर कळलं आणि मारणं कळलं. कपाळाला आठी पडली. "मतलब, खाली बैठा रहता है."

"बसते न! गोट्यावर बसते. दिवसभर बसते, तुमच्यावानी."

पारावर खसखस पिकली. साहेबांना ते 'तुमच्यावानी' समजलं नाही, हे नशीब.

"बाल-बच्चे?"

"हायेत. पान्यात."

"पानी में?"

"मंग का खाटेवर निजतीन?"

साहेब हसले, मग गंभीर झाले. गरीब माणूस दिसतो, घर नाही, पोरं पाण्यात खेळतात. ते पटवाऱ्याकडे वळले. "लिखो. चतुर वल्द चतुर. कब्जा पुराना. इसकी सुनवाई के बिना खुदाई नहीं होगी."

भोजराज पटवारी आमच्याच भागातला. चतुर म्हणजे काय हे त्याला पुरतं ठाऊक. पण साहेबांना चुकलात म्हणून सांगायला पटवाऱ्याच्या अंगात जे हाड लागतं ते त्याच्याकडे नव्हतं. त्यानं लिहिलं.

पुढच्या महिन्यात कवडू कोतवाल नोटीस घेऊन टोल्यात आला. मी तेव्हा पोळ्याला घरी होतो, मीच ती वाचून दाखवली. चतुर वल्द चतुर यास कळविण्यात येते की, तुझी हरकत नोंदवली आहे, सुनावणी होईतो खोदकाम बंद. माणसं हसून हसून जमिनीवर लोळली. कवडू डोकं खाजवत म्हणाला, "मले त ज्याची त्याच्या हातात द्या लागते. आता याचा हात कोनता धरू, सा पायातला?"

हसली नाही ती देवकाबाई. "हे त मानूस लिहिलं! उद्याच जातो मी कचेरीत. सांगतो का तो मानूस नाही, चतुर हाय म्हनून."

उदारामनं बहिणीचा हात धरला. "बाई, गप राय. मानूस हाय म्हनून खान थांबली. किडा म्हनशीन त उद्या सुरुंग."

"पन मी खोटं नाही बोलली न!"

"नाही बोलली. मंग आता भी काही बोलू नको."

मीही तेच म्हणालो. सरकारची चूक आहे, सरकारनं निस्तरावी, आपण का दुरुस्त करायची? सगळा टोला एका तोंडानं तेच म्हणाला. जिनं जन्मात कोणाचं ऐकून घेतलं नाही त्या बाईला आम्ही गप बसवलं. कवडूनं नोटीस डबऱ्यावरच्या गोट्याला भाताच्या पेजेनं चिकटवली आणि बजावणी झाली असं कळवून टाकलं. चतुर काही वेळ त्या कागदावर बसला होता, असं लोक सांगतात.

पुढची चार-पाच वर्षं खाण थांबली. थांबली ती त्या चुकीमुळे, आणि त्या चुकीनं देवकाबाईला रोज जाळलं. कारण टोल्याला खेळणं सापडलं होतं. ती बाजाराला निघाली की कोणी विचारायचं, "मावशी, चतुराचं लगन कधी करता?" कोणी म्हणायचं, "त्याले एक धोतर घेऊन द्या, नागडा फिरून राहिला." कवडूला तारखेच्या वेळी साहेब विचारायचे, इसम हजर का नाही? कवडूला खोटं बोलायची भीती, म्हणून तो खरं सांगायचा: "साहेब, तो बरसातीतच दिसते. थंडीत कुठी जाते, कोनाले मालूम नाही." साहेब पुढची तारीख द्यायचे. सत्तावन्नच्या निवडणुकीत तर कोणीतरी चतुराच्या नावानं मत देऊन आलं. कोणाला दिलं ते मला माहीत आहे, पण सांगत नाही.

देवकाबाई या सगळ्यावर चिडायची आणि चिडून काही बोलता येत नव्हतं म्हणून आणखी चिडायची. त्याच सुमारास हिवतापवाले पाठीवर पंप लावून आले, घराघरांत भिंतीवर औषध फवारून गेले. ताप कमी झाला. मग लोकांना नवीन बोलणं मिळालं.

"फवाऱ्यानं ताप गेला, मावशी. तुमच्या चतुरानं नाही."

"फवारा काल आला. माझी नंदा कवा जगली?"

नंदा तोवर उफाड्याची पोरगी झाली होती, आईच्या बाजूला रोवणा करायची. ती एकदा म्हणाली, "आई, मी त जगली न. झालं. सोड न आता."

"तू जगली म्हनूनच त," देवकाबाई म्हणाली आणि पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, पेंढी पुढं सरकवली.

छप्पन्न साली आपला भाग मुंबई राज्यात गेला. कचेरीत मराठी आली. मी गोंदियात पेढे वाटले नाहीत एवढंच, पण मनात म्हटलं, आता तरी आपलं बोलणं कळेल. सडकेचं काम पुन्हा निघालं आणि नवीन साहेब आले, घाटावरचे, तरुण, शुद्ध मराठी बोलणारे. देवकाबाईनं ठरवलं की आता खरं सांगायचं. उदारामनं विनवलं, मीही म्हटलं, थोडं थांबून पाहू. ती आमच्यावर उसळली.

"तवाचा साहेब हिंदीवाला होता, त्याले समजलं नाही. हा आपल्या बोलीचा हाय. यालेही खोटंच सांगू काय? मंग आपली बोली कायले पाह्यजे होती, बाबू?"

तिनं साहेबांना थेट डबऱ्यावर नेलं. मागून आम्ही, पटवारी, कवडू आणि लक्ष्मीचंद पटेल. आषाढ लागत होता. तो गोट्यावर बसला होता. आमच्या पावलांनी उडाला, एक फेरी मारून परत बसला.

"हा पहा," देवकाबाई म्हणाली. "हा चतुर. मानूस नाही. मी मानूस म्हनलंच नोतं."

साहेब उकिडवे बसले. चतुराकडे नीट पाहिलं. माणूस वाईट नव्हता, हेच तर जास्त लागतं. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

"बाई, मीही खेड्यातला आहे," ते म्हणाले. "चतुर म्हणजे काय ते मला कळतं."

"मंग झालं! लिहा."

"काय लिहू?"

"लिहा का हा किडा हाय, आन या डोंगराशिवाय कुठी राहत नाही. झरा बुजला त हा मरन."

साहेबांनी मान हलवली. "किडा लिहिला तर कब्जाच राहत नाही. किड्याच्या नावानं जागा नसते. उद्यापासून ठेकेदार मोकळा. माणूस म्हणून राहू दिला, तर त्याला उठवण्याआधी दुसरी जागा द्यावी लागते. तेवढं माझ्या हातात आहे. सडकेला लागून एक तुकडा देतो. आता सांगा, यातलं काय लिहू?"

"तिसरं काही नाही का?"

"तिसरं लिहायला जागाच नाही, बाई."

मी साहेबांवर तुटून पडलो. खाण पलीकडच्या अंगानं का नाही, गरिबाचंच पाणी का दिसतं, मोर्चा आणू, वर्तमानपत्रात देऊ, जे जे तोंडात आलं ते बोललो. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, सडक तुमच्याच लोकांनी मागितली आहे. ते खरं होतं. चिचगडच्या सभेत सडकेचा ठराव मीच मांडला होता, आणि सडक नको असं आजही मी म्हणणार नाही. आमच्या बायका बाळंतपणात बंडीत मरत होत्या.

लक्ष्मीचंद पटेल पुढं झाला. "देवका, ऐक माझं. जागा घेऊन टाक. सडकेवरची जागा हाय. चतुराची नाही त नंदाची होईन. एका जागी नाही त दुसऱ्या जागी राहीन तुझा चतुर."

देवकाबाई त्याच्याकडे वळली. "पटेलजी, तुमचे बापजादे मालव्यातून उठून इथं आले. तुमी कुठी भी राहान. तो नाही राहत."

मग ती साहेबांसमोर डबऱ्याच्या काठावर बसली. पाण्यात हात घातला, तळाची वाळू वर काढली, तळहातावर धरली. वाळूत एक पिल्लू वळवळत होतं, मातीच्या रंगाचं, कुरूप. किडा म्हटलं तर काहीच नाही. माणूस म्हटलं तर निदान एक तुकडा, जिथं यांना उचलून नेता येईल. हा हिशेब ती करते आहे, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं.

"मानूस लिहा," ती म्हणाली.

इतकी वर्षं आम्ही तिला जे खोटं बोलायला लावू शकलो नाही, ते सरकारनं तिच्याकडून एका वाक्यात बोलवून घेतलं.

जागा मोजायला पटवारी साखळी घेऊन आला. सडकेच्या कडेला मुरमाड तुकडा, एक पळसाचं खोड सोडलं तर उघडा. कवडू कोतवालानं रीतीप्रमाणे हाक दिली, "चतुर वल्द चतुर हाजिर हाय का?" आणि देवकाबाईनं, कोणी हसायच्या आत, "हाजिर" म्हटलं. या खेपेला कोणी हसलं नाही.

होळीनंतर सुरुंग सुरू व्हायचे होते. त्याआधी देवकाबाईनं आपल्या रोवण्याच्या बायांना घेऊन त्या तुकड्यावर खड्डा खोदला. धान कापून झालं होतं, बायांचे हात रिकामे होते; काही तिच्या प्रेमानं आल्या, काही तमाशा पाहायला, पण कुदळ सगळ्यांनी मारली. डबऱ्यातली वाळू टोपल्यांनी आणली. तो बसायचा तो गोटा उदारामनं बंडीत घालून आणला आणि नेमका तसाच, त्याच तोंडानं, बसवायला लावला तिनं. मग गुंडांतून, पितळी हंड्यांतून, पाणी आणि पाण्यात पिल्लं. नंदा आईच्या मागोमाग डोक्यावर गुंड घेऊन चालत होती.

पण मुरूम पाणी पितो. सकाळी भरलेला खड्डा दुपारी गुडघ्यावर यायचा. जे पाणी राहायचं ते उन्हानं कोमट व्हायचं. झऱ्याचं पाणी वाहतं होतं, तळाशी बर्फासारखं. इथं साचलेलं डबकं. देवकाबाई रोज पाणी घालायची. पिल्लं एकेक करून पाण्यावर तरंगू लागली, पोटं वर करून. ती सुपानं मेलेली काढायची आणि डोंगरावर जाऊन जिवंत आणायची. वर सुरुंगांचे धमाके चालू झाले होते. झऱ्याचं पाणी आधी दुधासारखं झालं, मग बारीक झालं, मग एक दिवस ती रिकामा गुंड घेऊन खाली आली. गुंड घराच्या ओट्यावर ठेवला आणि भावाला म्हणाली, "बंद झालं." मी चिडून एक लांबलचक निवेदन लिहिलं, जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं, त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

सडक मात्र झाली. चांगली झाली.

पावसाळा आला, खड्डा काठोकाठ भरला. रोवणे सुरू झाले आणि एका सकाळी कवडू धावत बांधीवर आला. "मावशी, या लवकर! आला तुमचा चतुर!" सगळ्या बाया चिखलानं भरलेले हात तसेच घेऊन सडकेकडे गेल्या. मीही तेव्हा टोल्यात आलेलो होतो, त्यांच्या मागोमाग गेलो. खड्ड्यावर खरंच चतुर उडत होते, एक नव्हे, पाच-पन्नास, पिवळसर, हलके, झुंडीनं. तेच, जे सगळ्या बोड्यांवर असतात, नागऱ्याला असतात, गोंदियात गटारावर असतात. बाया टाळ्या पिटायला लागल्या. नंदानं आईचा चेहरा पाहिला आणि ती एकटीच मागं सरकली.

तेवढ्यात सडकेनं साहेबांची जीप आली, मागं भोजराज पटवारी बसलेला. नवी सडक पाहायला निघाले होते. गर्दी पाहून थांबले, उतरले, खड्ड्यावरचे चतुर पाहून मनापासून खूश झाले. मी सांगितलं ना, माणूस वाईट नव्हता.

"बघा, देवकाबाई," साहेब म्हणाले, "आला की नाही तुमचा चतुर? तुम्ही उगीच घाबरत होता."

देवकाबाईनं पदरानं हात पुसले. आवाज चढवला नाही, म्हणून मला भीती वाटली.

"साहेब, उद्या तुमच्या घरी दुसराच कोनी मानूस येऊन तुमच्या खाटेवर बसला, त तुमची बायको त्याले तुमीच म्हनन काय?"

जीपचा ड्रायव्हर फस्सकन हसला आणि लगेच तोंड फिरवून उभा राहिला. साहेबांचे कान लाल झाले. पटवारी जमिनीकडे पाहत होता. साहेबांनी टोपी घातली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

"चला वं," देवकाबाई बायांना म्हणाली, "पऱ्हे सुकून राहिले तिकडं."

बाया तिच्या मागं बांधीत उतरल्या. त्या दिवसानंतर ती सडकेवरच्या त्या खड्ड्याकडे फिरकली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो आटला, तेव्हाही तिनं त्यात पाणी घातलं नाही.